ज्योच्या ट्रम्पेटसाठी योग्य क्रियापद

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी. दुपारी १२.

पितळेची भांडी घासायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे. समया, निरांजनं, घंटा, गडवा. चिंच आणि रांगोळी, बाकी काही लागत नाही. माझ्याइतकी चकाकी पद्मजालाही आणता येत नाही. ती हे मान्य करत नाही, पण एकतीस वर्षं संसार केल्यावर बायकोकडून मान्यतेची अपेक्षा ठेवू नये.

बरीच चिंच उरली.

खाली डोरोथीच्या कुंड्यांना पाणी घालायला गेलो. ती पुण्याला मेलानीकडे आहे, लेकीच्या बाळंतपणाला. आमच्या ठाकूरद्वारच्या या इमारतीत ती तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. ती गावाला गेली की किल्ली आमच्याकडे. कपाटावर तिच्या नवऱ्याच्या, ज्योच्या ट्रम्पेटची पेटी दिसली. उघडली. अरे देवा! काळवंडलेला, डागाळलेला. ज्योला जाऊन अडीच वर्षं झाली, तेव्हापासून कोणी फडकंसुद्धा फिरवलेलं दिसत नाही. चाळीस वर्षांचा माझा दोस्त. त्याच्या वस्तूची ही दशा मला बघवेना.

वर घेऊन आलो. डोरोथीला दिवाळीचं सरप्राइज.

दुपारी ३.

सोन्यासारखा झाला! मधल्या तीन नळ्यांवरचे डाग हटवादी होते. रांगोळी दोनदा लावली, नारळाची शेंडी घेतली, तेव्हा गेले. पद्मजाने विचारलं, तिला विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज विचारून करतात का?

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

नुसतं बाहेरून घासून थांबणारा माणूस मी नव्हे. नळ्यांमधून तीन दट्टे बाहेर येतात. काढले. तेलकट होते. तेही चिंच-रांगोळीने स्वच्छ केले, बादलीत बुचकळले, फडक्याने पुसून परत घातले.

सहज म्हणून फुंकून पाहिलं.

आवाज नाही. आवाज सोडाच, हवाच जात नाही. गाल फुगवून फुंकलं, कानांत दडे बसले. भिंतीत फुंकर घालावी तसं. दट्टेही करकरतात.

घाबरायचं कारण नाही. दोन तारखेला चौदा दिवस आहेत.

दुपारी ४.

दोन तारखेचं लिहून ठेवतो. दोन नोव्हेंबर, ख्रिस्ती लोकांचा मृतात्म्यांचा दिवस. ज्योचा मुलगा ब्रायन मस्कतहून खास त्यासाठी येतो. शिवडीला ज्योच्या थडग्याशी उभा राहून हाच ट्रम्पेट वाजवतो. ज्यो दर रविवारी संध्याकाळी गॅलरीत वाजवायचा तीच धून. गेल्या वर्षी मी तिथे होतो. ओक्साबोक्शी रडलो. डोरोथीने तेव्हा माझा हात धरला होता.

दोन तारखेला आवाज निघाला पाहिजे.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी. सकाळी ८.

अभ्यंगस्नान झालं. फराळ बरा, चकली कडक.

पद्मजा म्हणाली, आत्ताच्या आत्ता तिला फोन करा, सांगा वाट लावली म्हणून. मी म्हटलं, अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. लेखी सांगायच्या, आणि इंग्रजीत. डोरोथीच्या घरात प्रार्थना इंग्रजीत होते, भांडणं मात्र मराठीत. माफी पहिल्या खात्यात जाते.

शिवाय मी एकतीस वर्षं फोर्टला विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात होतो. नुकसान कोणत्या शब्दात सांगावं हे मला शिकवायचं? ज्युनियर पोरं माझ्याकडे ड्राफ्ट घेऊन यायची. 'टोटली डिस्ट्रॉइड' लिहिलं की मी लाल पेन काढायचो. डिस्ट्रॉय म्हणजे उरलंच नाही. जे उरलंच नाही ते आणखी टोटली काय नसणार?

तर क्रियापद ठरलं: डॅमेज. डॅमेज म्हणजे दुरुस्त होण्याजोगं. वस्तूच डॅमेज होतात. माणसाला इजा झाली तर इंज्युअर म्हणायचं. अत्यंत सभ्य शब्द.

मसुदा एक: 'युवर ट्रम्पेट हॅज बीन फाउंड स्लाइटली डॅमेज्ड.' कर्ता लिहायचा नाही. आमच्या खात्याचा पहिला धडा. सापडला डॅमेज्ड. कोणाकडून, हा प्रश्न वाक्यात उद्भवतच नाही.

पद्मजाने वाचलं. म्हणाली, म्हणजे तो आपोआप चिंच खाऊन पडला होता का?

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन. दुपारी २.

दुरुस्ती घरीच करायची असं ठरवलं. बाहेरचे लोक काय, उघडतात आणि काहीबाही सांगतात. आत चिंचेचा चोथा अडकला असणार, म्हणून हवा जात नाही. वाकडी नळी सरकते असं वाटलं, पण ती हलेना. फडकं गुंडाळून पकडीने ओढली.

सरकली नाही. वाकली.

दुपारी २.४०.

उलट बाजूने ओढून सरळ करायला गेलो. आता दोन्हीकडे वाकडी आहे, त्यामुळे एकूण पाहता सरळच दिसते.

'स्लाइटली' काढलं. डॅमेज राहू द्यावं की नाही, विचार चालू. स्पॉइल? नाही. स्पॉइल होतं दूध, सहल, लाडावलेलं पोर. ट्रम्पेट नासत नाही. रेक? रेक जहाजाचं, गाडीचं, आदळून. मी आदळलेला नाही, हे इथे स्पष्ट नमूद करतो. डिमॉलिश इमारतीचं, तेही ठरवून, नोटीस देऊन. डिसमँटल म्हणजे शिस्तीत सुटं करणं, पुन्हा जोडता येईल असं. रविवारी सकाळी अकरापर्यंत मी डिसमँटलच करत होतो. तिथेच थांबायला हवं होतं.

पूजेला बसलो. लक्ष्मीपुढे हात जोडले आणि मनात ट्रम्पेट आला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सायंकाळी ६.

भयंकर दिवस.

पाच वाजता ब्रायनचा व्हिडिओ कॉल. अंकल, हॅपी दिवाली, जरा खाली जाऊन पेटी दाखवा ना, मम्मीला आठवत नाहीये की माउथपीस आत आहे की ड्रॉवरमध्ये. ट्रम्पेट माझ्या पलंगाखाली, पंच्यात गुंडाळलेला. पेटी खाली, रिकामी. माउथपीस पंच्यातच.

खाली गेलो. फोन एका हातात. कपाळावरून घाम ओघळून भुवईत. कपाटावरची पेटी दाखवली. ब्रायन म्हणाला, उघडा ना. मी म्हटलं, अरे खिटी जाम आहे, जोर लावला तर मोडेल. तो म्हणाला, राहू द्या, राहू द्या, डॅडीची पेटी आहे, काही करू नका तिला.

काही करू नका म्हणाला.

मग म्हणाला, अंकल, तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही. वर आलो आणि दोन ग्लास पाणी प्यायलो. बायकोच्या भावाने आणलेल्या बासुंदीची चव लागली नाही.

खोटं बोललो का? तांत्रिकदृष्ट्या खिटी थोडी कडक आहेच.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १.

मसुदा चार. आता 'रुइन'वर आलो आहे. रुइन म्हणजे वस्तू जागेवर आहे, पण कामातून गेली. शाई सांडलेली पैठणी. साडी आहे, पण लग्नाला नेसता येत नाही. ट्रम्पेट आहे, चकाकतो आहे, वाजत नाही. अचूक. मात्र रुइनमध्ये धोका असा की त्याला कर्ता चिकटतो. ऐकणारा लगेच विचारतो, कोणी केलं? डॅमेज पावसाने होतं, वाऱ्याने होतं. रुइन बहुतेक वेळा कोणीतरी केलेलं असतं.

या विषयावर एक छोटं पुस्तकच करावं. 'नाशाची इंग्रजी क्रियापदे: क्लेम्स खात्यातील एका अनुभवीचे बोल.' उद्यापासून रोज दोन पानं.

पद्मजा म्हणाली, मराठीत कमी आहेत का? विचका, वाटोळं, मातेरं, चुथडा, सत्यानाश. आणि एकेक म्हणताना माझ्याकडे बोट. मी म्हटलं, मराठीत या सगळ्यांत छटा नाहीत. ती म्हणाली, छटा नाहीत म्हणूनच ऐकणाऱ्याला लगेच समजतं.

तिने डोरोथीचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. रिंग गेली. मी कापला. मग डोरोथीचा उलट फोन आला. म्हणाली, काय चिंतामणी, फोन केलेलात? मी म्हटलं, झाडं छान आहेत. ती म्हणाली, बाळ अगदी ज्योसारखं कपाळ घेऊन आलंय, मला तर बघून रडूच आलं. मलाही आलं. ज्योची फार आठवण येते, खरंच येते. तो असता तर मी सरळ सांगितलं असतं. तो हसला असता, किंवा मारलं असतं, आणि प्रश्न मिटला असता.

पुस्तकाला सुरुवात उद्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १२.

लालबागला गेलो. गल्लीत गंगाधर म्हणून एक आहे, बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतो. पंचा सोडला. त्याने ट्रम्पेट हातात घेतला, दट्टे काढले, उजेडात धरले. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवरून उठलो.

म्हणाला, ह्यां काय करून ठेवलास रे बाबा? ह्येका रांगोळी कोणी लायली?

मी म्हटलं, सापडला तसाच.

त्याने तीनही दट्टे उलटे करून दाखवले. प्रत्येकावर बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन. मी दोन आणि तीनची अदलाबदल केली होती. त्याने नीट घातले, फुंकलं. आवाज निघाला! कसातरी, घसा बसल्यासारखा, पण निघाला. म्हणजे पहिल्या दिवशी काहीही बिघडलं नव्हतं. आकडे पाहायला पाच मिनिटं पुरली असती. पकड, वाकवणं, सगळं नंतरचं.

तो म्हणाला, रांगोळीने दट्ट्यांना चरे पडलेत, हवा गळणार. घट्ट तेल घालतो, नळी सरळ करतो. गुरुवारी ये. आणि तोपर्यंत तू कसल्याच वाद्याला हात लावू नको.

शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ३.

आणला. वाजतो! गंगाधरने दुकानात अख्खं गाणं वाजवून दाखवलं. समोरचा चहावाला बाहेर येऊन उभा राहिला. मला टॅक्सीत डोळे भरून आले. म्हणजे शेवटी डॅमेजच बरोबर होतं. माझा पहिला अंदाज. दुरुस्त झालं की नुकसान संपलं, नुकसान संपलं की क्लेम संपला, क्लेम संपला की पत्राची गरज नाही.

पाचही मसुदे फाडले. डॉक्युमेंट्स डिस्ट्रॉय करायचे असतात. हा शब्द इथे चपखल बसतो.

ट्रम्पेट पेटीत, पेटी कपाटावर. सगळं जिथल्या तिथे. उद्या डोरोथी येते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सायंकाळी ५.

डोरोथी आली. पद्मजाने मला खाली पाठवलं, सांगितल्याशिवाय वर येऊ नका म्हणून.

तिने आधी झाडं पाहिली. मग खुर्चीवर चढून स्वतः पेटी काढली. उघडली आणि खुर्चीतच बसली. मधल्या नळ्यांवरून बोटं फिरवत होती, वर-खाली, काही शोधावं तशी. इतकी चकाकी तिने बापजन्मात पाहिली नसणार. डोळे भरले तिचे. मला अगदी कृतार्थ वाटलं.

मग विचारलं, कोणी घासला?

मी म्हटलं, दिवाळी होती ना. दिवाळीत सगळंच घासलं जातं.

ती हं म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, तुम्ही चहा घेऊन जा.

चहा घेतला. वर आल्यावर पद्मजाने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, विषय निघाला. ती तीनदा तेच विचारत राहिली. शेवटी म्हणाली, तुमच्या तोंडातून 'मी' हा शब्द कधी निघाला का? नको तिथे निघतो रोज.

बायकांना आनंदाचे अश्रू ओळखता येत नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.

शिवडीहून आत्ता आलो. कसं लिहू कळत नाही, पण लिहायचं ठरवलं आहे.

ब्रायनने वाजवलं. सूर किंचित हलके होते, पण आसपासची माणसं थांबून ऐकत होती. डोरोथीने फुलं ठेवली. मी मेणबत्त्या धरून उभा. मनात म्हटलं, ज्यो, पार पडलं बघ. डोरोथीने या वर्षी माझा हात धरला नाही. गर्दी होती.

ती मेणबत्ती लावायला थांबली आणि ब्रायन माझ्याबरोबर गेटाकडे निघाला. म्हणाला, अंकल, एक बोलू? मम्मीचं काहीतरी होतंय.

मी म्हटलं, काय झालं?

तो म्हणाला, डॅडीच्या ट्रम्पेटवर तीन-चार काळे डाग होते, आठवतात? मधल्या नळ्यांवर. तिथे त्याची बोटं बसायची. पन्नास वर्षं तिथंच. घामाने पितळ काळं पडलं होतं, अगदी बोटांच्या आकारात. मम्मी ते कोणाला पुसू द्यायची नाही. मला वाजवून झालं की फडकं लावायचं नाही, अशी ताकीद. रोज झोपायच्या आधी ती तिथे स्वतःची बोटं ठेवायची, अंकल. तिने मला कधी सांगितलं नाही, मी दारातून बघितलं. आणि काल मी विचारलं की हे कोणी घासलं, तर म्हणते, मीच. कधी? आठवत नाही म्हणते. मी तिला खूप बोललो. खूप.

हातात राहिलेल्या पेटत्या मेणबत्तीचं मेण माझ्या बोटांवर आलं.

हीच वेळ होती. मला कळत होतं. तोंड उघडलं. ब्रायन माझ्याकडे बघत होता, डोळे लाल. डोरोथी मागून हळूहळू येत होती.

मी म्हटलं, वयाने होतं असं.

का म्हटलं ते माहीत नाही. निघून गेलं. तो मान हलवत राहिला, म्हणाला, हो ना अंकल, मला तेच वाटतं. टॅक्सीत डोरोथी पुढे बसली. मला आजवर इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी ४.

पद्मजाला सांगितलं. ती ओरडली नाही. आतल्या खोलीत जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उद्या सकाळी ब्रायनला सांगणार. मराठीत, तोंडी. ठरलं म्हणजे ठरलं.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.

दहा वाजता खाली गेलो. ब्रायन बॅग भरत होता, दुपारचं विमान. डोरोथी त्याचे शर्ट घड्या घालत होती. मी बसलो नाही.

म्हटलं, ब्रायन, ट्रम्पेट मी घासला. तुझ्या मम्मीने नाही. मी. धनत्रयोदशीला, माझ्या घरी, चिंच आणि रांगोळीने.

त्याने बॅग सोडली, उठला आणि मला मिठी मारली. घट्ट. म्हणाला, अंकल, मला माहीत होतं तुम्ही असं काहीतरी बोलायला येणार. मम्मीला सांभाळून घेताय. पण कालच तुम्ही मला बोललात ना, वयाने होतं असं? तुमचं खरं काय ते तेव्हाच कळलं मला. डॅडी बोलायचा, चिंतामणी एकदम जंटलमन माणूस.

मी म्हटलं, अरे खरंच मी. तारखा सांगितल्या. पकड सांगितली. लालबागचा गंगाधर सांगितला. ब्रायन माझ्या पाठीवर हात फिरवत होता. म्हणाला, चिंच तर मम्मीच्या डब्यात पण आहे, अंकल.

डोरोथी तेव्हा म्हणाली, ब्रायन, ऐक त्यांचं. त्यांनीच घासला. तू त्यांच्याशी भांडशील म्हणून मी माझं नाव सांगितलं. वाटलं, ते स्वतः सांगतील.

ब्रायन हळू आवाजात मला म्हणाला, बघितलंत? परवा मी केलं म्हणाली, आज तुम्ही केलं म्हणते. हेच, हेच मी बोलतोय.

डोरोथीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी तिच्या पाया पडलो असतो. तिने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

ब्रायनने परळच्या एका डॉक्टरची वेळ घेतली आहे. विसराळूपणाचे डॉक्टर. गुरुवारी साडेअकरा. त्याला आज जायलाच हवं, मेलानीला बाळ सोडून येता येत नाही. तेव्हा डोरोथीबरोबर मी जायचं ठरलं. ती नको म्हणाली नाही. टॅक्सी दहाला बोलवा, एवढंच म्हणाली.

फॉर्म ब्रायनने फोनवरच भरला. 'पेशंटच्या वागणुकीबद्दल माहिती देणारी विश्वासू व्यक्ती' असा एक रकाना आहे. त्यात माझं नाव आहे.